हाडांना ओझं हवं असतं

मनगटाचं प्लास्टर निघाल्यावर बायका माझ्याकडे येतात तेव्हा हात आखडलेला असतो. बोटं सुजलेली, कातडी कोरडी पडलेली, मूठ अर्धीच वळते. मी तो हात हातात घेते, एकेक बोट मोकळं करायला लागते आणि विचारते, "पडलात कशा?" मग हकिकत ऐकायला मिळते. फरशी ओली होती. पायरी दिसली नाही. चप्पल सटकली. फोन वाजला म्हणून घाईने उठले. दोष फरशीचा, पायरीचा, चपलेचा, फार तर स्वतःच्या वेंधळेपणाचा. हाडाचा विषय कुणी काढत नाही. ती काढत नाही, बरोबर आलेली मुलगी काढत नाही, आणि फाइलमधल्या कागदांवरही हाड कुठे मोडलं आणि कसं बसवलं एवढंच असतं. ते का मोडलं याबद्दल एक ओळ नसते.

पन्नाशीच्या पुढचं माणूस उभ्या उभ्या, स्वतःच्याच उंचीवरून पडलं आणि हाड मोडलं, तर त्या हाडाची चौकशी व्हायलाच हवी. निरोगी हाडाने एवढा धक्का सहसा सोसायला हवा. मनगटाचं हे फ्रॅक्चर काही नवलाईचं नाही. अब्राहम कॉलिस या आयरिश सर्जनने 1814 साली त्याचं वर्णन लिहून ठेवलं, तेव्हा क्ष-किरणांचा शोधही लागलेला नव्हता. दोनशे वर्षांहून अधिक काळ आपण हे हाड ओळखतो, बसवतो, जोडतो आणि माणसाला घरी पाठवतो.

बहुतेकदा मनगटच आधी मोडतं, त्यालाही कारण आहे. पन्नाशी-साठीत तोल गेला तर हात आपसूक पुढे येतो आणि अंगाचा सगळा भार तळहातावर येतो. पंचाहत्तरी-ऐंशीत तो हात वेळेवर पुढे येत नाही. माणूस कुशीवर आदळतं आणि खुब्याचं हाड जातं. या दोन पडण्यांच्या मध्ये पुष्कळदा पंधरा-वीस वर्षं असतात. ठिसूळपणामुळे एकदा हाड मोडलं की पुढचं मोडण्याचा धोका साधारण दुपटीने वाढतो. खुबा मोडलेल्या दर पाच जणांमागे जवळपास एक जण वर्षाच्या आत जातो. जे राहतात त्यांतल्या अनेकांना पूर्वीसारखं एकट्याने घराबाहेर पडता येत नाही. मनगट मोडतं तेव्हा हे सगळं टाळायला हाताशी वेळ असतो. "आता हात हलवत राहा" एवढं सांगून पेशंटला निरोप दिला की तो वेळ वाया जायला सुरुवात होते. याचा मला राग येतो, आणि इतकी वर्षं हे काम करूनही तो कमी झालेला नाही.

त्यामुळे अशा प्रत्येक पेशंटबरोबर मी तिच्या डॉक्टरांना चिठ्ठी पाठवते. वय, कशी पडली, कुठलं हाड, आणि खाली एक ओळ: हाडांची घनता तपासून घ्यावी ही विनंती. काही डॉक्टर त्यावर लगेच तपासणी लिहून देतात. काहींना फिजिओथेरपिस्टने असं काही सुचवणं रुचत नाही. न रुचो. ज्यांनी हा प्रश्न नीट सोडवला त्यांनी फार मोठं यंत्र उभारलेलं नाही. 1990 च्या दशकाच्या शेवटी ग्लासगोमध्ये एक पद्धत सुरू झाली: पन्नाशीच्या वरचं कुणीही फ्रॅक्चर घेऊन आलं की त्याचं नाव एका नर्सकडे जायचं, आणि त्या माणसाची हाडांची तपासणी आणि गरज असेल तर उपचार सुरू होईपर्यंत पाठपुरावा करणं हे तिचं काम. आज ही पद्धत अनेक देशांत आहे. सर्जनला हाड बसवायचं असतं, फिजिशियनला बीपी-शुगर बघायची असते, मला सांधा सैल करायचा असतो. हाड का मोडलं हे विचारणं ठरवून कुणाच्या तरी वाट्याला दिलं नाही, तर ते कुणाच्याच वाट्याला येत नाही.

तपासणी सोपी आहे. डेक्सा म्हणतात तिला. झोपून राहायचं, यंत्राचा हात अंगावरून फिरतो, सुई नाही, दुखत नाही, क्ष-किरणांची मात्राही अगदी थोडी. कागदावर टी-स्कोर येतो, म्हणजे तरुण निरोगी माणसांच्या सरासरी घनतेपेक्षा तुम्ही किती खाली आहात त्याचं माप. उणे 1 पर्यंत ठीक, उणे 1 ते उणे 2.5 च्या दरम्यान असेल तर घनता कमी, आणि उणे 2.5 किंवा त्याखाली गेला तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं विरळ होऊन ठिसूळ होण्याचा आजार. ही रेघ जागतिक आरोग्य संघटनेने 1994 साली आखली. ती उपयोगी आहे, पण लोक तिच्याकडे परीक्षेच्या निकालासारखं बघतात आणि तिथेच गाडं अडतं. उणे 2.3 आला म्हणून एकजण निर्धास्त, उणे 2.6 आला म्हणून दुसरी खचलेली. प्रत्यक्षात ठिसूळपणामुळे मोडणाऱ्या हाडांपैकी निम्म्याहून अधिक हाडं त्या रेघेच्या वरच्या बाजूला असलेल्या लोकांची असतात, कारण तिथे माणसंच जास्त आहेत. आई किंवा वडिलांचा खुबा मोडला होता का, स्टिरॉइडच्या गोळ्या महिनोन्‌महिने चालू आहेत का, पाळी लवकर गेली का, अंडाशय काढले आहेत का, थायरॉइडचं संप्रेरक वाढलेलं आहे का, सिगारेट-दारू किती, वजन फार कमी आहे का, गेल्या वर्षात कितीदा पडलात, हे सगळं त्या आकड्याच्या शेजारी ठेवून बघावं लागतं. शेफील्ड विद्यापीठात तयार झालेलं आणि 2008 पासून वापरात असलेलं फ्रॅक्स हे गणित यांतली बरीचशी माहिती धरून पुढच्या दहा वर्षांतला धोका काढतं. पडण्याचा इतिहास मात्र मूळ गणितात नाही. तो तुम्हाला स्वतःहून सांगावा लागतो, आणि तो सांगायला लोक सर्वांत जास्त लाजतात.

पण मला खरं भांडायचं आहे ते रिपोर्ट आल्यानंतर काय होतं त्याच्याशी.

रिपोर्ट आला की घर एकत्र येतं आणि बाईला जपायला लागतं. वाकू नकोस. उचलू नकोस. जिना चढू नकोस. तू बस, आम्ही करतो. यात माया असते, म्हणूनच त्याला विरोध करणं जड जातं. माझ्याकडे आलेल्या एका काकूंची गोष्ट सांगते. सत्तरीच्या उंबरठ्यावर, कण्याचा टी-स्कोर उणे 2.9. कमरेला पट्टा बांधून आल्या होत्या आणि खुर्चीत बसताना दोन्ही हातांनी दांडे घट्ट धरत होत्या. मी विचारलं, "काकू, पट्टा कुणी सांगितला?" तर म्हणाल्या, "कुणी नाही. भीती वाटते म्हणून मीच आणला. मी आता काहीच उचलत नाही, डॉक्टर. पाण्याची बाटलीसुद्धा अर्धीच भरते." धाकट्या नातीला कडेवर घेणं त्यांनी सोडून दिलं होतं. हे सांगताना त्यांचा आवाज चढला नाही की पडला नाही. हेच बरोबर आहे अशी त्यांची खात्री होती. त्या कुणाचं तरी ऐकूनच असं वागत होत्या.

शरीराच्या दृष्टीने याचा अर्थ काय होतो ते बघा. हाड म्हणजे भिंतीतली वीट नव्हे. ते जिवंत आहे, त्यात रक्त खेळतं, आणि ते सतत मोडलं-बांधलं जात असतं. एका प्रकारच्या पेशी जुनं हाड कुरतडून काढतात, दुसऱ्या प्रकारच्या पेशी त्या जागी नवं भरतात. एका जागेचं हे काम पुरं व्हायला काही महिने लागतात. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दर वर्षी असा नवा होतो. कुठे भरायचं आणि कुठे नाही हे ठरवणाऱ्या पेशी तिसऱ्याच आहेत. त्या हाडाच्या आत खोल रुतून बसलेल्या असतात आणि हाडातल्या एकूण पेशींपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त त्याच आहेत. केसाहून बारीक नळ्यांनी त्या एकमेकींशी जोडलेल्या असतात. हाडावर भार आला की हाड किंचित वाकतं, डोळ्यांना दिसणार नाही इतकं, आणि त्या नळ्यांमधला द्रव हलतो. पेशींना भार कळतो तो त्या हलण्यातून. एरवी या पेशी स्क्लेरोस्टिन नावाचं एक प्रथिन सोडून हाड बांधणाऱ्या पेशींना आवरून धरत असतात. भार जाणवला की ते प्रथिन कमी होतं आणि बांधकामाला मोकळीक मिळते.

भार आलाच नाही तर? अवकाशयात्रींचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. धडधाकट, निवडून घेतलेली माणसं, पण वजनरहित अवस्थेत खुब्याच्या भागातलं हाड महिन्याला 1 ते दीड टक्क्याने कमी होतं. पाळी गेल्यानंतर इतकं हाड जायला बाईला साधारण वर्ष लागतं. उलट बाजूला टेनिस खेळाडू. ज्या हाताने रॅकेट धरायची त्या दंडाच्या हाडाची भिंत दुसऱ्या हातापेक्षा जाड असते, आणि 1977 साली व्यावसायिक खेळाडूंवर झालेल्या मोजणीत तो फरक पुरुषांमध्ये जवळपास 35 टक्के आणि बायकांमध्ये 28 टक्के भरला होता. माणूस एकच, रक्त एकच, संप्रेरकं तीच, कॅल्शियम तेच. फरक फक्त कुठल्या हाताने चेंडू मारला याचा. युलियस वोल्फ या जर्मन सर्जनने 1892 साली लिहून ठेवलं होतं की हाड आपल्यावर पडणाऱ्या भाराप्रमाणे आपली घडण बदलतं. काकू बाटली अर्धी भरत होत्या तेव्हा त्यांचं हाड हाच नियम पाळत होतं, फक्त उलट दिशेने.

पट्टा सोडवायला मी पहिल्या दिवशी सांगितलं नाही. एक काठी हातात दिली. ती पाठीवर उभी धरायची, एक हात मानेमागे, एक कमरेमागे. काठी तीन ठिकाणी टेकली पाहिजे: डोक्याच्या मागे, दोन खांद्यांच्या फऱ्यांमध्ये आणि माकडहाडापाशी. आता गुडघे किंचित सैल सोडून नितंब मागे न्यायचे, जणू पाठीमागचं दार ढुंगणाने लोटायचं आहे, आणि अंग पुढे झुकू द्यायचं. काठी तिन्ही ठिकाणी टेकलेलीच राहिली पाहिजे. काकूंची काठी पहिल्यांदा माकडहाडापासून लगेच सुटली, कारण त्या नेहमीसारख्या कमरेतून वाकल्या. दुसऱ्यांदा डोक्यापासून सुटली, कारण त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. तिसऱ्या-चौथ्या खेपेला जमलं आणि त्यांनी स्वतःच सांगितलं, "इथे मागे ओढ बसतेय." मांडीच्या मागे. तिथेच बसायला हवी. खुब्यातून वाकणं ते हेच. कणा सरळ राहतो, काम मांड्या आणि नितंब करतात. पुढे कित्येक आठवडे आम्ही एवढंच केलं. मग काठीच्या जागी हलकं वजन आलं, मग थोडं जड, आणि एका सकाळी त्यांनी स्टुलावर ठेवलेलं दहा किलोंचं वजन उचललं, खाली ठेवलं, आणि पुन्हा उचललं. पट्टा केव्हा सुटला ते मला आठवत नाही.

वाकण्याची पद्धत शिकवण्यात मी एवढा वेळ घालवते, त्याला आधार आहे. 1984 साली मेयो क्लिनिकमधल्या डॉक्टर मेहरशीद सिनाकी आणि त्यांच्या सहकाऱ्याने 59 बायकांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. पाळी गेलेल्या, कण्याची हाडं विरळ झालेल्या बायका. काहींनी पाठ मागे ताणण्याचे, पाठीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम केले. काहींनी पुढे वाकण्याचे, पोटाचे व्यायाम केले. पाठ ताणणाऱ्या गटात पुढे 16 टक्के बायकांच्या कण्यात नवी फ्रॅक्चर दिसली आणि पुढे वाकणाऱ्या गटात 89 टक्के. काहीच व्यायाम न करणाऱ्यांमध्ये 67. अभ्यास लहान आहे, जुना आहे, आणि आज तो याच पद्धतीने कुणी करणार नाही. तरी या आकड्यांकडे मी डोळेझाक करू शकत नाही. म्हणजे हाडं विरळ असतील तर पाठीची कमान करून पायाच्या अंगठ्याला हात लावणं, उताणं झोपून झटक्याने उठणं, कंबर पिळत काहीतरी जड उचलणं, हे नको. योगवर्गात जाणाऱ्या पेशंटना मी पुढे वाकण्याची आसनं तेवढी सोडायला सांगते, बाकी वर्ग चालू ठेवायला सांगते. "व्यायाम करा" हा सल्ला अपुरा आहे. कुठला, हे सांगितल्याशिवाय तो देऊच नये.

आणि "चाला" हाही सल्ला अपुरा. हे म्हटलं की लोक नाराज होतात, कारण चालणं त्यांनी मनापासून धरलेलं असतं. चाला, जरूर चाला. हृदयाला, साखरेला, मनाला, झोपेला चांगलं आहे. पण हाडाला रोजच्या चालण्यात नवीन काही मिळत नाही. ज्या भाराची हाडाला सवय झाली, त्या भारासाठी ते जास्तीचं बांधकाम करत नाही. पोहणं आणि सायकल यांत तर हाडावर भारच कमी येतो. रस्त्यावरच्या शर्यतींसाठी तासन्‌तास सायकल चालवणाऱ्या व्यावसायिक खेळाडूंची कण्याची हाडं अनेकदा त्यांच्या वयाच्या मानाने विरळ आढळतात. हाडाला भार हवा तो नेहमीपेक्षा जास्त, थोडा झटक्याचा, वेगवेगळ्या दिशांनी येणारा, आणि मध्ये विश्रांती देणारा. फार वेळही नको. 1980 च्या दशकात कोंबड्यांच्या पंखाच्या हाडावर केलेल्या एका प्रयोगात दिवसाला भाराचे 36 फेरे दिले तरी हाड वाढलं, आणि 1800 दिले तरी साधारण तेवढंच वाढलं. हाडाचं लवकर समाधान होतं. तासभर घाम गाळायला ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी याहून आशेची बातमी मला माहीत नाही.

ऑस्ट्रेलियात ग्रिफिथ विद्यापीठातल्या बेलिंडा बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा विचार पुढे नेला. त्यांनी पाळी गेलेल्या, हाडांची घनता कमी असलेल्या 101 बायका घेतल्या. निम्म्या बायकांना आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, देखरेखीखाली खरोखर जड वजनं उचलायला लावली: जमिनीवरून उचलणं, खांद्यावर घेऊन बैठक मारणं, डोक्यावर ढकलणं, आणि दांड्याला धरून उडी मारून पायांवर दणकन उतरणं. आठ महिन्यांनी त्यांच्या कण्याची घनता 2.9 टक्क्यांनी वाढली होती. घरी हलका व्यायाम करणाऱ्या दुसऱ्या गटाची 1.2 टक्क्यांनी घटली होती. एवढ्या जड कामात दुखापत झाली ती एक, कंबरेत किरकोळ लचक. हा अभ्यास वाचला तेव्हा माझ्या कामाची दिशा बदलली. तोवर आमच्या वर्गांमध्ये सत्तरीतल्या बायकांच्या हातात अर्ध्या किलोची रंगीत डंबेल्स द्यायची पद्धत होती, आणि त्याच बायका घरी जाऊन पाच किलोंची पिशवी वाकड्या कमरेने उचलायच्या.

यातलं "देखरेखीखाली" हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. हे वाचून कुणी उद्या घरातली जड पेटी उचलायला जाऊ नये. ज्यांच्या कण्यात आधीच फ्रॅक्चर आहे, ज्यांना नुकतंच पाठीत तीव्र दुखलं आहे, त्यांचा रस्ता वेगळा आहे आणि तो हळू आहे.

कण्याचं फ्रॅक्चर आहे हे कळतं कसं? बहुतेकदा कळतच नाही. अशी साधारण दोन-तृतीयांश फ्रॅक्चर कुणाच्या लक्षात येत नाहीत. खिडकी उघडताना पाठीत कळ आली, आठवडाभर दुखलं, बाम लावला, थांबलं. मणका समोरच्या बाजूने चेपला गेलेला असतो. असे दोन-तीन चेपले की पाठीला पोक येतं, उंची कमी होते, पोट पुढे येतं, बरगड्या कमरेच्या हाडाजवळ सरकतात आणि थोडं खाल्लं तरी पोट भरल्यासारखं वाटतं. घरातले म्हणतात, वय झालं. माझ्या खोलीत दाराशेजारी उंची मोजायची पट्टी आहे आणि येणाऱ्या प्रत्येकाची उंची मी मोजते, गुडघ्याच्या पेशंटचीसुद्धा. तरुणपणी होती त्यापेक्षा चार सेंटिमीटर कमी भरली की कण्याचा एक्स-रे काढायला सुचवते. मग भिंतीला टाचा आणि पाठ टेकवून उभं राहायला सांगते. नजर समोर, हनुवटी वर न करता. डोक्याची मागची बाजू भिंतीला टेकते का? टेकत नसेल तर छातीमागच्या मणक्यांत काहीतरी झालेलं असू शकतं. नंतर मागे उभी राहून शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्यामध्ये माझी बोटं ठेवून बघते. दोन बोटं किंवा त्याहून कमी जागा असेल तर कमरेच्या मणक्यांची शंका येते. एवढ्याने निदान होत नाही, पण कुणाला पुढच्या तपासणीला पाठवायचं हे दोन मिनिटांत कळतं, आणि भिंत तर सगळ्यांच्या घरी असते.

औषधांबद्दलही बोलायला हवं, कारण मी वजन उचलायला सांगते म्हणजे मी गोळ्यांच्या विरोधात आहे असं काहींना वाटतं. मुळीच नाही. धोका जास्त असेल तर औषध लागतं, आणि व्यायाम त्याची जागा घेत नाही. काकूंचंही औषध चालू होतं, आजही आहे. त्यांचा आकडा थोडाच हलला. त्यांना आता जमिनीवरून कुणाचा हात न धरता उठता येतं, हा बदल माझ्या दृष्टीने मोठा आहे. आठवड्याची गोळी असेल तर ती उपाशीपोटी, भरपूर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि किमान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं नाही. हे कुणी नीट समजावलेलं नसतं, मग घशात जळजळ होते आणि गोळी बंद होते. हाडाची झीज रोखणारं डेनोसुमॅबचं इंजेक्शन दर सहा महिन्यांनी घ्यायचं असतं. ते आपल्या मनाने मध्येच थांबवलं तर गेलेला ठिसूळपणा झपाट्याने परत येतो आणि एकापाठोपाठ मणके चेपू शकतात. थांबवायचंच असेल तर पुढे कोणतं औषध हे डॉक्टरांशी आधी ठरवून. जबड्याच्या किंवा मांडीच्या हाडाच्या दुर्मीळ दुष्परिणामांची भीती पसरते, आणि न घेतलेल्या औषधामुळे मोडलेल्या खुब्यांची मात्र चर्चा होत नाही. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, प्रथिनं ही सगळी लागतातच, पण ती सामग्री आहे. सामग्री आणून ठेवली आणि कामाचा हुकूमच आला नाही, तर बांधकाम होत नाही.

पुरुषांनी इथवर हे बायकांचं दुखणं समजून वाचलं असेल तर थांबावं. पन्नाशीनंतर दर पाच पुरुषांपैकी एकाचं हाड ठिसूळपणामुळे मोडतं. बायकांमध्ये हे प्रमाण तिघींपैकी एक. पुरुषांचा खुबा सहसा उशिरा मोडतो, पण मोडल्यानंतर वर्षभरात दगावण्याचं प्रमाण त्यांच्यात बायकांपेक्षा जास्त आहे. आणि त्यांची तपासणी तर आणखीच कमी होते. दम्यासाठी किंवा संधिवातासाठी वर्षानुवर्षं स्टिरॉइडच्या गोळ्या घेणारे काका माझ्याकडे खांदा दाखवायला येतात. हाडांबद्दल त्यांना कुणीच काही विचारलेलं नसतं.

तोलाचं थोडक्यात सांगते, कारण करायला फार सोपं आहे. पडलंच नाही तर ठिसूळ हाडही बहुधा शाबूत राहतं. ओट्याला किंवा जड टेबलाला एक बोट टेकवून एका पायावर उभं राहा. दहा सेकंद जमलं की बोट उचला. ते जमलं की मान डावी-उजवीकडे वळवा. टाच आणि अंगठा जोडत सरळ रेषेत चाला. खुर्चीतून हात न लावता उठा-बसा. ताई ची हा संथ हालचालींचा चिनी व्यायाम शिकवणारं कुणी मिळालं तर अवश्य शिका, पडणं कमी करण्याबाबत त्याचा पुरावा चांगला आहे. रात्री बाथरूमच्या वाटेवर दिवा ठेवा, सैल सतरंजी उचला, चष्म्याचा नंबर तपासा, आणि झोपेच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोला.

20 ऑक्टोबरला जागतिक ऑस्टिओपोरोसिस दिन असतो. त्या आठवड्यात मला बोलवणी येतात, बहुतेक ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळांकडून. मी आनंदाने जाते. पण गेली काही वर्षं मी स्वतःहून शाळांचे उंबरठे झिजवायला लागले आहे. मोठेपणी जेवढं हाड असतं त्याचा जवळपास चौथा हिस्सा वयात येतानाच्या अवघ्या दोन वर्षांत भरला जातो. मुलींमध्ये हा भर साडेबाराव्या वर्षाच्या आसपास असतो, मुलांमध्ये चौदाव्या. नेमक्या याच वयात मुली मैदानावरून बाजूला होतात. पाळी सुरू झालेली असते, अंगाची लाज वाटायला लागते, क्लासच्या वेळा आडव्या येतात, आणि खेळाचा तास दुसऱ्या विषयाला दिला तर कुणी तक्रार करत नाही. अमेरिकेत लहान मुलांवर एक प्रयोग झाला होता. सुमारे दोन फूट उंच खोक्यांवरून 100 उड्या, आठवड्यातून तीनदा, सात महिने. उड्या न मारणाऱ्या मुलांच्या तुलनेत त्यांच्या खुब्याच्या हाडात साडेचार टक्क्यांच्या आसपास जास्त भर पडली. खोकी, उड्या आणि मोजके काही मिनिटं, बाकी काही लागलं नाही.

तेव्हा मुख्याध्यापकांकडे माझी मागणी एवढीच असते: खेळाचा तास गणिताला देऊ नका, आणि त्या तासाला सातवी-आठवीतल्या मुलींना सावलीत बसू देऊ नका. दोरीवरच्या उड्या चालतील, लंगडी चालेल, पायऱ्यांवरून उतरउड्या चालतील. एका शाळेने प्रार्थनेनंतरची दहा मिनिटं दिली आहेत. दुसऱ्या शाळेत पुढच्या आठवड्यात पालकांची सभा आहे. तिथे मुलींच्या आयांचीही उंची मोजायची म्हणून पट्टी बरोबर नेणार आहे.